शेणकिडी आणि पांढरा तारा

फार जुनी गोष्ट. एका गायरानावर एक शेणकिडी राहायची. अंड्यासाठी शेणाचा गोळा वळायचा आणि ढिगापासून लांब नेऊन पुरायचा, हे तिचं काम. ढिगाजवळ रेंगाळलं की बाकीचे किडे गोळा लुबाडत. आदल्या संध्याकाळी तसंच झालं होतं. काजव्याच्या उजेडामागे ती निघाली, तो इकडून तिकडे उडत राहिला आणि ती फिरून पुन्हा ढिगापाशीच आली. गोळा गेला.

आज अंधार पडताच ती नव्या गोळ्यावर चढली आणि आभाळातला एक पांढरा तारा तिने नीट बघून ठेवला.

"मावशी, तो एवढासा ठिपका काय वाट दाखवणार?" काजवा म्हणाला. "माझा उजेड बघ की!"

"तुझा उजेड मोठा आहे रे. पण मी चार पावलं टाकली की तू भलतीकडेच दिसतोस. तो जिथल्या तिथे असतो."

मागच्या पायांनी गोळा रेटत ती निघाली. मध्येच ढग आला आणि तारा दिसेना. "आता तरी ये!" काजवा हसला. ती गोळ्याला घट्ट धरून बसून राहिली. ढग सरला, तारा तिथेच होता. ती पुन्हा रेटू लागली.

गायरानाच्या टोकाला मऊ माती लागली, तशी ती खड्डा खणू लागली. काजवा मागोमाग आलाच.

"एवढी चाललीस, पण तुझा तारा तसूभर तरी जवळ आला का?"

"जवळ येणारा असता, तर आजही मी ढिगापाशीच असते," ती म्हणाली आणि तिने गोळा खड्ड्यात ढकलला.