शेंड्यावरची दवंडी

एका जंगलात एक मोर राहत असे, आणि धोक्याची दवंडी देण्याचा मान त्याच्या घराण्याकडे होता. मुलांनो, तो काही साधासुधा मान नव्हे! तळ्याजवळच्या सावरीच्या शेंड्यावर बसून, गळा फुगवून तो अशी खणखणीत हाक देई की सारे रान दणाणून जाई. पोपट, साळुंक्या, होले, सगळ्या पाखरांना त्या हाकेतला इशारा कळे. ससे मात्र एकमेकांना धोका सांगत तो मागचा पाय जमिनीवर आपटून. मोराची हाक त्यांच्या कानांवर रोजच पडे; त्यांना ते गाणे वाटे.

एके दिवशी सकाळी बगळा धापा टाकत आला. तळ्याच्या मध्यावर मासे मरून तरंगत होते आणि तिथले पाणी प्यालेली बदके लव्हाळ्यातच गतप्राण झाली होती. मोर तडक शेंड्यावर गेला आणि ओरडू लागला. खाली उतरून सशांनाही सांगून यावे, असे बगळ्याने सुचवले, पण मोराला ते मुळीच रुचले नाही.

"दवंडी शेंड्यावरूनच द्यायची असते," तो म्हणाला. "आमच्या घराण्यात कुणी चिखलात उतरलेलं नाही."

त्या दिवशी एकही पाखरू तळ्यावर फिरकले नाही. आपले काम चोख झाले, असे मोराला वाटले.

उन्हे कलली तेव्हा एक सशीण आपल्या पिल्लाला घेऊन तळ्यावर आली. मोर घसा फाटेपर्यंत ओरडला. सशीण थांबली, तिने वर पाहिले आणि कौतुकाने पिल्लाला म्हणाली, "ऐक, मोरदादा आज किती मन लावून गातायत." पिल्लाने पाण्याला तोंड लावले. मोराचा डोळ्यांवर विश्वास बसेना. एवढे बजावूनही कुणी विष पिते? तो झेपावून खाली आला, तोवर पिल्लू कोसळले होते. पाहता पाहता ते निपचित पडले.

सशिणीला रडूही फुटेना. "पाणी वाईट आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?" तिने विचारले.

"मी सकाळपासून सांगतोय," मोर कसाबसा म्हणाला.

"कुणाला?"

मोर हादरलाच. एवढ्यात पलीकडच्या काठाला गवत हलले आणि बाकीचे ससे तळ्याकडे येताना दिसले. सवयीने मोर सावरीकडे वळला आणि मध्येच थांबला. "तुमच्यात धोका कसा सांगतात?" त्याने विचारले. पिल्लाजवळून न हलता सशिणीने मागचा पाय हळूच जमिनीवर आपटला. मोर उडत पलीकडे गेला, चिखलात उतरला आणि पिसारा बरबटून घेत जिवाच्या आकांताने पाय आपटू लागला. ससे जागीच थबकले आणि मागे फिरले. अलीकडच्या काठावर सशीण मात्र पिल्लाला चाटत बसून राहिली.

तात्पर्य : आपण किती मोठ्याने सांगितले याला मोल नाही, ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला त्याच्या बोलीत कळले, तरच ते सांगणे.