मळा राजाचा, सावड गावाची

“मृगाला आठ दिवस उरलेत. तेवढ्यात वाड्यामागच्या माळावर मळा तयार हवा! नाही जमलं, तर आम्ही दिलेली खोली रिकामी कर आणि चालू लाग!”

खैरगडचा राजा धैर्यसेन एकदा बोलला की बोलला. समोर सटवाजी तबक धरून उभा होता. तो राजाचा विडेकरी. पानं पुसावीत, विडे लावावेत, तबक पुढे करावं, एवढाच त्याचा पराक्रम.

दोष सगळा त्याच्याच जिभेचा होता. ताटातली जून भेंडी पाहून राजा करवादला, तेव्हा विडा पुढे करता करता हा बोलून गेला होता, “महाराज, असल्या माळावर आमचे वडील लोण्यासारखी भेंडी पिकवायचे!” वडील पिकवायचे, हे खरं. पण सटवाजीच्या हाताचा गुण असा, की त्याने पाणी घातलं तर निवडुंगसुद्धा कुजायचा.

“मजूर किती मिळतील, महाराज?” त्याने भीत भीत विचारलं.

“एकही नाही! खजिन्यातून दमडी सुटणार नाही.”

“मग चार माणसं वेठीला धरून...”

“खबरदार! आमच्या राज्यात वेठ नाही, हे आम्ही चारचौघांत छाती काढून सांगतो. कुणाला फुकट राबवलंस तर याद राख!”

मजुरी द्यायची नाही आणि फुकट राबवायचंही नाही! सटवाजी कपाळाला हात लावून घरी आला. येसूला, त्याच्या बायकोला, सातवा महिना होता. तोंडावर पावसाळा आणि डोक्यावरचं छप्पर जाणार! त्याने तिला सगळं सांगितलं.

“अवो, पर बोलायचं कशाला म्हंते मी!” येसू म्हणाली.

“बोललो नसतो तर लोकांना कळलं कसं असतं, की खैरगडात एवढा मोठा गाढव आहे?”

दुसऱ्या दिवशी तो एकटाच कुदळ घेऊन माळावर गेला. आधी मळ्याची आखणी केली. इथे भेंडी, तिथे वांगी, बांधाला दोडक्याचे वेल, मधून पाण्याचा पाट. मग दगड वेचायला लागला. पाच दगड बांधावर गेले आणि सहाव्याला पाठीत उसण भरली. तशात बायजाआत्या शेळ्या घेऊन आली. गावातलं जुनं खोड, तोंडाने फटकळ. तिने काठ्या रोवून आखलेला पाट पाहिला.

“सटवा, विहीर खाली अन् पाट वर! पानी काय चालत जायाचं व्हय रं?”

“आत्या, माझ्या राज्यात जातं,” सटवाजी कण्हत म्हणाला.

आत्या खो खो हसली. “मुडद्या, ह्ये एकल्याचं काम न्हाई. सावड घाल की गावात!”

सटवाजी उसण विसरून ताडकन उभा राहिला आणि पुन्हा “आई गं” म्हणत खाली बसला. पण डोकं आता चालू लागलं होतं.

संध्याकाळी तो कमरेत वाकूनच चावडीवर गेला. “मंडळी, सावडीला चला,” म्हणाला. सावडीची रीत साधी. आज तुम्ही माझ्या रानात राबा, उद्या मी तुमच्या. पैशाचं नाव नाही.

चावडी हसून लोटपोट झाली. “तू फेडणार सावड? तू दिसभर खुरपलंस तर पीक जाईल अन् तण ऱ्हाईल!”

“अगदी खरं,” सटवाजी म्हणाला. “पण सावड फेडतो रानाचा मालक. आणि रान माझं कुठं आहे?”

माना वाड्याकडे वळल्या. मग बायजाआत्याने पदर खोचला. “असं व्हय! मग मी येते पयली!”

तिसऱ्या दिवशी एकतीस घरांतली एकतीस माणसं माळावर उतरली. कुणी दगड वेचून बांध घातला, कुणी नांगर धरला, कुणी शेणखत ओतलं. कुंपणाला काटेरी फांद्या आल्या, वाफे पडले, आणि पाट आत्याने उताराला लावला. सटवाजीला सगळ्यांनी मिळून विडे लावायला बसवलं. नुकसान होऊ नये म्हणून!

आठव्या दिवशी राजा मळ्यात आला आणि चकित झाला. “मजुरी किती दिलीस?”

“दमडी नाही, महाराज.”

“मग वेठ घेतलीस!”

“नाही, महाराज. सावड घातली, तुमच्या नावाने. उद्यापासून एकतीस घरांत एकेक दिवस तुमची पाळी!”

कुंपणाबाहेर एकतीस माणसं हात जोडून उभी होती. राजाचा चेहरा लाल झाला. “आम्ही? खुरपं धरायचं? राजा आहोत आम्ही! कुठे लिहिलंय की सावड फेडलीच पाहिजे?”

सटवाजीची जीभ नेहमीसारखी पुढे धावलीच. “कुठेच नाही, महाराज. नका फेडू. पण न फेडलेली सावड म्हणजे वेठ! मी तर ती घेतली नाही. आता घ्यायची की नाही, ते महाराजांनीच ठरवावं!”

तेवढ्यात बायजाआत्या पुढे झाली. “म्हाराज, उद्याची पाळी माज्याकडं. अन् भाकर घरनं बांधून आना. सावडीत ज्याची त्यानं आनायची असती!”

राजा आधी गालात हसला, मग पोट धरून हसला. “तीस घरांची सावड आमचे बैल आणि नांगर फेडतील. आत्याकडे मात्र आम्ही जातीने येऊ, भाकरी बांधून! आणि सटवाजी, खोली कायमची तुझी. शिवाय या मळ्याचा चौथा हिस्साही तुझ्या नावाने!”

सटवाजी घाबरून पुढे धावला. “महाराज, दया करा! हिस्सा येसूच्या नावाने करा. माझं नाव ऐकलं तर बी जमिनीतून वर यायचं नाही!”