वहीचं शेवटचं पान

पाट्या जाऊन वह्या नुकत्याच आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. सगुणाच्या गणिताच्या वहीतली पुढची पानं मोठ्या तोऱ्यात असत. प्रत्येकावर सरळ आखलेला समास होता आणि दर उदाहरणाखाली गुरुजींची लाल खूण होती.

शेवटच्या पानावर मात्र सगुणा शाळा सुटल्यावर स्वतःचेच प्रश्न सोडवी. एक, तीन, पाच, सात असे ठिपके मिळवत गेलं की दर वेळी चौरसच का होतो, हे ती खाडाखोड करत शोधत होती.

"हे परीक्षेत येत नाही," पहिलं पान म्हणालं. "तुझ्यामुळे वही घाण दिसते. सगुणाला आवर, नाहीतर एक दिवस तुला फाडतील."

"फाडू देत," शेवटचं पान म्हणालं. "तुमच्यावरची रीत गुरुजींनी आधी फळ्यावर लिहून दिली होती. माझ्यावर सगुणा स्वतः चुकतेय आणि स्वतः शोधतेय. मी तिचा एक ठिपकासुद्धा पुसू देणार नाही."

वर्ष संपलं आणि वही रद्दीत निघाली. सगुणाने शेवटचं पान खरंच फाडलं आणि नव्या वहीत सगळ्यांत पुढे ठेवलं. कोडं अजून सुटायचं होतं.

पहिल्या पानात वाण्याने जिरं बांधलं, लाल खुणेसकट.