कढीपत्त्याचा जुना धागा

दादागिरी करायला खुर्चीच लागते असं नाही. गच्चीवरच्या बागेच्या एका ऑनलाइन मंचावरची अकरा वर्षांची ज्येष्ठताही त्याला पुरते. निवृत्त अभियंता भालचंद्र कुलथे तिथे प्रत्येक नव्या सदस्याच्या मानगुटीवर बसत आणि मंचाचे चालक ते मुकाट बघत.

कराडच्या मंदाकिनी ढवळे नव्याने आल्या. त्यांनी विचारलं, "माझ्या कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळताहेत. काय करू?"

कुलथे तुटून पडले. "बाई, हे काय हळदीकुंकू आहे? आधी जुन्या चर्चांचे धागे वाचा, मग तोंड उघडा. चालक, न वाचता पुन्हा विचारलं तर यांचं सदस्यत्व रद्द करा!"

चालकांनी तशी ताकीद दिलीही. लाज वाटायला हवी होती!

आठ दिवसांनी ढवळेबाई परतल्या. "कुलथेसाहेब, तुमच्या आज्ञेप्रमाणे सगळे धागे वाचले. हाच प्रश्न अकरा वर्षांपूर्वी तुम्ही विचारला होता. चौदा जणांनी तुम्हाला प्रेमाने उत्तरं दिली. त्यांचं वाचून मी पाणी कमी केलं, आंबट ताक घातलं. काल नवा कोंब आला."

"मग झालं तर!" कुलथ्यांनी लिहिलं.

"नाही झालं. त्या चौदांपैकी बारा जण आता इथे येत नाहीत. का, तेही जुन्या धाग्यांतच आहे. प्रत्येकाच्या शेवटच्या प्रश्नाखाली तुमचं उत्तर आहे."

चालकांनी बाईंवरची ताकीद काढली आणि कुलथ्यांना दिली.