देवीच्या कुशीतली तुतारी

आजोबांच्या आजोबांनीही ऐकलेलीच, इतकी जुनी ही गोष्ट. आंबेखिंडीत म्हाळू गुरव नावाचा तुतारीवाला होता. नवरात्राआधी आठ दिवस गावची खिंडाई देवी पलंगावर निजते आणि घटस्थापनेला तुतारी वाजली की उठते. तिला उठवायचा मान म्हाळूचा. असं म्हणतात, त्यानं तुतारी फुंकली की पलीकडच्या डोंगरावरची गुरं माना वर करायची.

पण माणूस महा काळजीखोर! एक दिवस खाडा पडला तर सूर रुसून जाईल, ही धास्ती त्याच्या मानगुटीवर बसलेली. उन्हातान्हात, अंगात ताप असताना, सोयरिकीच्या बैठकीतून उठूनसुद्धा तो सराव करायचा. त्या वर्षी तर त्यानं कहर केला. ओठ सुजले, चिरले, आणि तुतारीतून फाटक्या भात्यागत नुसता वारा निघू लागला. तसा तो आणखीच जोरानं फुंकू लागला. देवी उठलीच नाही तर? गाव हवालदिल झालं.

देवी निजायच्या दिवशी त्याच्या बायकोनं, गोदानं, तुतारी धुतली, पुसली आणि देवीच्या कुशीत ठेवून वर पांघरूण घातलं. निजलेल्या देवीच्या पलंगाला हात लावायची कुणाची छाती!

म्हाळू धावत आला. "अगं, घात केलास! सूर जाईल माझा!"

"अवं, जगाची आई निजली," गोदा म्हणाली, "मग तुमचंच व्हट तेवढं जागं कशाला?"

मग काय विचारता त्याचे हाल! घास गिळेना, बूड टेकेना. मूठ तोंडाशी धरून फुंकत तो देवळाला फेऱ्या घालायचा. लोक खो खो हसायचे, पण त्याची भीती खरी होती. त्या फेऱ्यांनी दगडात वाट पडली, असं म्हणतात. ओठ मात्र गुपचूप भरून येत होते, ते त्यालाही कळलं नाही.

घटस्थापनेच्या सकाळी देवीवरचं पांघरूण निघालं, तशी त्यानं तुतारी उचलली आणि फुंकली. असं म्हणतात, सूर खिंड ओलांडून गेला, दीपमाळेचे दिवे आपोआप पेटले, देवीनं डोळे उघडले. म्हाळू ढसाढसा रडला. "गेला नव्हता गं, गोदे," एवढंच म्हणाला.

आजही देवीबरोबर तुतारी निजते. तुतारीवाला अस्वस्थ होऊन देवळाभोवती फिरू लागला, की गावातलं कुणी ना कुणी हातातलं काम टाकून त्याच्यासोबत चालतं. म्हाळूला तेव्हा सगळे हसले होते, त्याच्याबरोबर कुणीच चाललं नव्हतं. ते ऋण गाव अजून फेडतंय.