अमावास्येचा खाडा

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गादीवर कोण होतं हे आता त्या राजांच्या खापरपणतवंडांनाही सांगता येणार नाही. मला विचाराल तर ते बरंच झालं. नाव कळलं असतं तर आपण त्या एका राजाला चार शिव्या हासडून मोकळे झालो असतो.

तर एक नदी होती. अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं. नदीकाठची वाळू पांढरीशुभ्र, आणि ती वितळवून काचेच्या बांगड्या करणारे काचारी दोन्ही काठांवर राहायचे. एकाच रक्ताची माणसं ती. इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे आणलेल्या.

बांगडी हातात छान दिसते, पण ती करणाऱ्याला कधी पाहिलंय का तुम्ही? भट्टीच्या तोंडाशी बसायचं, लोखंडी सळईवर रसरशीत काचेचा गोळा घ्यायचा आणि पापणी न लववता त्याच्याकडे बघत तो फिरवायचा. नजर ढळली की बांगडी वाकडी. म्हणून दोन्ही काठांवर एक जुनी चाल होती. अमावास्येला खाडा धरायचा. त्या दिवशी भट्टीतला विस्तव राखेखाली झाकायचा, सळईला हात लावायचा नाही, त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवायचे. म्हातारी माणसं म्हणायची, "अरे, चंद्रसुद्धा महिन्यातून एक दिवस विसावा घेतो. आपले डोळे काय चंद्रापेक्षा मोठे लागून गेले?"

आणि नुसता विसावा नव्हता बरं का. एका अमावास्येला अलीकडचे पलीकडे जेवायला जायचे, पुढच्या अमावास्येला पलीकडचे अलीकडे यायचे. जेवता जेवता महिन्याची मजुरी ठरायची, की इतक्याच्या खाली दोन्ही काठांवर कुणीही सळई उचलायची नाही. लिहिणं नाही, शिक्का नाही. ताटाला ताट लावून दिलेला शब्द होता तो, आणि तो कुणी मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

अलीकडच्या काचाऱ्यांचा मुखिया होता गिरमाजी. त्याची धाकटी बहीण तुळसा पलीकडे दिलेली. नवऱ्यामागे तिथली भट्टी तीच चालवायची, आणि पलीकडचे लोक तिच्या शब्दाबाहेर नव्हते. भाऊ-बहीण एकमेकांवर जीव टाकायचे. तुळसाला एक तान्ही मुलगी होती. गिरमाजी दर खेपेला तिच्यासाठी लहानशा बांगड्या करून न्यायचा, आणि ती त्या दर खेपेला फोडायची. त्याचंही त्याला कौतुक.

दोन्ही काठांचा माल विकत घ्यायची ती थोरली पेढी. इकडे तिची वखार, तिकडेही तिची वखार. पेढीचा मालक कुणी कधी पाहिला नव्हता. दिसायचा तो मुनीम. तोंडात साखर, डोक्यावर बर्फ असा माणूस.

नदी पायी ओलांडायच्या उतारावर जकातीचा नाका होता, आणि त्या नाक्याला सगळेच कंटाळले होते. तिथला शिपाई म्हणजे एक नग होता. पेटी उघडायचा, चार बांगड्या फोडायचा, चार घरी न्यायचा आणि वर जकात घ्यायचा. तेव्हा दोन्ही राजांनी ठरवलं, की नाका उठवायचा आणि दोन राज्यांत मोकळ्या व्यापाराचा करार करायचा. विचार चांगलाच होता. मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण करार लिहायचा कुणी? राजांना तलवारीतलं कळत होतं, बांगड्यांतलं नव्हतं. मुनीम हात जोडून म्हणाला, "महाराज, आपण कशाला तसदी घेता? आम्ही लिहितो. आपण फक्त मोहोर उठवा."

झालं. नदीच्या पात्रात डेरा पडला. बाहेर पहारेकरी, आत दोन्ही दरबारांचे प्रधान, आणि दोघांच्याही मधोमध थोरल्या पेढीचा मुनीम. प्रधानांनी काय लिहायचं ते तो सांगायचा आणि प्रधान मान डोलवायचे. काचाऱ्यांना कुणी बोलावलं नाही. न बोलावता गिरमाजी एकदा गेला, तेव्हा मुनीमच लगबगीने बाहेर आला.

"या, गिरमाजीबुवा. उन्हाचे कुठे आलात? पान घ्या."

"मुनीमजी, त्या करारात आमचं काही लिहिलंय का?"

"तुमचंच तर सगळं आहे. व्यापाराच्या वाटेत कुणी, कसलाही अडथळा आणायचा नाही. एवढं एक वाक्य वाचलंत की करार वाचल्यासारखाच आहे."

गिरमाजीच्या डोळ्यांपुढे तो नाक्यावरचा शिपाई उभा राहिला. तो खूश झाला. पान खाऊन घरी आला.

पुढच्या अमावास्येला जेवताना त्याने हे सगळ्यांना सांगितलं. तुळसा वाढत होती. ती थांबली आणि म्हणाली, "दादा, कसला अडथळा ते विचारलंस का?"

"अगं, अडथळा म्हणजे नाका. दुसरा कसला असणार? तुला मेली सगळ्यातच शंका."

सगळे हसले. तुळसाही हसली आणि पुढच्या पानाला वाढायला गेली. तेवढा एक प्रश्न तिने लावून धरला असता तर मला ही गोष्ट आज सांगावी लागली नसती. पण भावापुढे किती ताणायचं, असं तिला वाटलं असेल.

नाका उठला. लोकांनी गुलाल उधळला. गाड्या भरभरून जायला लागल्या, बांगड्या लांबलांबच्या देशांत पोचल्या. काही दिवस खरोखर बरे गेले, खोटं कशाला बोलू?

मग एक अमावास्या तोंडावर आली, आणि मुनीम अलीकडच्या राजापुढे उभा राहिला. "महाराज, उद्या भट्ट्या बंद राहणार. आमच्या गाड्या रिकाम्या उभ्या राहणार. हा व्यापाराच्या वाटेतला अडथळा आहे."

राजा म्हणाला, "अहो, ती त्यांची वाडवडिलांची चाल आहे."

"असेल. पण करारात 'कसलाही' असं लिहिलंय. पटत नसेल तर पंच ठरवतील. ते आमच्या बाजूने बोलले तर आमचं नुकसान आपल्या खजिन्यातून भरावं लागेल, एवढंच."

पंच कोण नेमणार, तेही करारातच लिहिलेलं होतं. मी सांगायला नको. राजाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने फर्मान काढलं, की इतउप्पर अमावास्येचा खाडा पाळायची सक्ती कुणावर नाही. ज्याला भट्टी पेटवायची त्याने पेटवावी, कुणी अडवू नये.

गिरमाजी धावत दरबारात गेला. "महाराज, खाडा गेला तर आमची नजर जाईल."

राजाने खाली बघितलं. "मी शब्द देऊन बसलोय, गिरमाजी."

"शब्द तुमचा होता, महाराज. डोळे आमचे आहेत."

राजाने फर्मान मागे घेतलं नाही. वाईट नव्हता तो. पण वाईट नसून काय उपयोग?

तरी काचाऱ्यांनी ठरवलं, की सक्ती नसेना का, आपण आपला खाडा पाळायचा. त्या अमावास्येला अलीकडच्यांची पलीकडे जेवायला जायची पाळी होती. गिरमाजीने धुतलेलं धोतर नेसलं, भाचीच्या बांगड्या फडक्यात बांधल्या, आणि निघणार तोच दारात मुनीम.

"जेवायला निघालात? जा बापडे. पण पलीकडच्यांना वेळ आहे का ते बघा. त्यांनी पहाटेच भट्ट्या पेटवल्या. मोठी मागणी आली होती, त्यांनी कमी मजुरीत उचलली."

"माझी बहीण असं करणार नाही."

"मी कुठे म्हणतो केलं? तुम्हीच बघा."

गिरमाजी काठावर आला. पलीकडे, तुळसाच्या भट्टीच्या अंगाने, धुराचे लोट चालले होते.

अहो, धूर दर खेपेलाच दिसत असणार. पण मनात एकदा पाल चुकचुकली, की रोजचा धूरही माणसाला वेगळा दिसतो. नदीला त्या दिवशी घोट्याएवढं पाणी होतं. उतरून पलीकडे जायचं आणि विचारायचं, इतकं सोपं होतं. गिरमाजीने फडकं तिथेच वाळूत टाकलं, मागे फिरला आणि म्हणाला, "राख उकरा. भट्टी पेटवा."

थोड्या वेळाने अलीकडचा धूर पलीकडे दिसला. तिथेही पेढीचा माणूस तुळसाच्या कानाशी हजर होताच.

पुढचं सांगायला मला नको वाटतं, पण सांगतो. मुनीम इकडे म्हणायचा, "पलीकडचे चार आणे कमी घेतात." तिकडे त्याचा माणूस म्हणायचा, "अलीकडच्यांनी पाच कमी केले." इकडचे चिडून सहा कमी करायचे. खाडा नाही म्हणून जेवण नाही, जेवण नाही म्हणून भेट नाही, आणि भेटच नाही तर खरं-खोटं कळणार कुठून? नाका होता तेव्हा माणसं नदी ओलांडत होती. वाट मोकळी झाली आणि फक्त माल ओलांडायला लागला.

वर्षांमागून वर्षं गेली. मजुरी इतकी उतरली, की सणालाही सळई खाली ठेवणं परवडेना. माणसं आधी संध्याकाळी चाचपडायला लागली, मग दुपारी. गिरमाजीच्या डोळ्यांपुढे धुकं आलं आणि ते काही हटलं नाही. त्याच्या बांगड्या वाकड्या यायला लागल्या. मुनीमाने त्यातली एक उचलून बघितली आणि गोडच आवाजात म्हणाला, "गिरमाजीबुवा, आता विश्रांती घ्या."

एके दिवशी त्याच्या ओसरीवर कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"कोण आहे?"

"मी आहे, दादा."

गिरमाजीने आवाज ओळखला. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. "बोल. काय काम काढलंस?"

"मुलीचं लग्न ठरलंय. मामा पाठीशी उभा नसेल तर ती बोहल्यावर चढणार नाही म्हणते. माझ्यावरचा राग माझ्यापुरता ठेव. तिच्यासाठी ये."

"राग तुझा नाही तर कुणाचा करू? अमावास्येच्या दिवशी भट्टी पेटवलीस तू. आधी तू पेटवलीस."

"मी?" तुळसा उंबऱ्यातच खाली बसली. "त्या दिवशी चुली पेटल्या होत्या, दादा. अंगणात मोठ्या चुली मांडून पुरण शिजत होतं. तुम्ही सगळे यायचे होतात ना जेवायला? पानं मांडून वाट बघत बसलो होतो आम्ही. मग तुझ्या भट्टीचा धूर दिसला."

गिरमाजीने तोंड तिच्याकडे वळवलं. मग तो लहान मुलासारखा रडायला लागला. "मी नदी का नाही ओलांडली गं?" एवढंच तो परत परत म्हणत होता. तुळसाही त्या दिवशी ओलांडून आली नव्हती.

ही गोष्ट दोन्ही काठांवर वाऱ्यासारखी पसरली. पुढच्या अमावास्येला अलीकडच्यांनी विस्तवावर राख घातली, पलीकडच्यांनी राख घातली. सगळे नदीच्या पात्रात एकत्र बसले आणि ताटाला ताट लावून त्यांनी पुन्हा मजुरी ठरवली. राजानेसुद्धा निरोप पाठवला, की मी तुमच्या बाजूने आहे. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय?

मुनीम रागावला नाही, भांडला नाही. त्याने दोन्ही वखारींना कुलूप लावलं आणि गाड्या भरल्या. खालच्या अंगाला तिसरं एक राज्य होतं. वाळू तिथेही होती, गरीब माणसं होती, आणि तिथल्या राजाला मोकळ्या व्यापाराचा करार हवाच होता. लांबच्या बाजारांच्या वाटा पेढीलाच ठाऊक होत्या, आणि काचारी पूर्वी स्वतः बसून बांगड्या विकायचे तो जुना जवळचा बाजार केव्हाच मोडला होता. भट्ट्या थंड पडल्या. महिन्यातला एक दिवस मागितला होता बिचाऱ्यांनी. आता त्यांना रोजच खाडा होता.

तुळसाच्या मुलीचं लग्न लागलं. गिरमाजी मामा म्हणून तिच्या पाठीशी उभा राहिला. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि भाची वळून त्याच्या पाया पडली. त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. शेवटचं पाहिलं तेव्हा तिचे दुधाचे दातही पुरते आले नव्हते.

तो हळूच म्हणाला, "तुळसा, पोर कुणासारखी दिसते गं?"

तुळसा म्हणाली, "तुझ्यासारखी." आणि तिने तोंडाला पदर लावला.

लहान असा की मोठे, एवढं गाठीला बांधून ठेवा : आपल्या कष्टांचा करार आपल्याला बाहेर उभं करून लिहू देऊ नये, आणि आपल्या माणसाची खबर त्याच्याशी आपलं भांडण लावून ज्याचा फायदा होतो त्याच्या तोंडून कधी ऐकू नये.