जत्रेतला घडीचा चाकू

“...म्हणजे याच चाकूनं, महाराज?”

हातातल्या घडीच्या चाकूनं धुंडीनाथ कडुनिंबाची काडी तासत होते. काडी वाकडी होती आणि चाकू तिच्याहून वाकडा.

“याच चाकूनं माझे कान चिरणार?”

“हं.”

विश्राम उठला. ओट्यावर दोन येरझाऱ्या घालून परत बसला. याचं नाव विश्राम कुणी ठेवलं, देव जाणे. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, तशातली गत. जेवतानासुद्धा त्याचा एक गुडघा हलत असायचा.

गुडघा हलायला कारण होतं. भैरवटेकडीच्या या मठात कान चिरून कुंडलं घातली की माणूस पुरता नाथपंथी होई, आणि कान चिरायचे ते वर्षातून एकाच दिवशी, खंडेनवमीला. ती चुकली की गेला पुढच्या वर्षावर. विश्रामच्या मागून आलेले तिघे कुंडलं हलवत आपापल्या वाटेनं निघूनही गेले होते. याचे कान मात्र आईनं दिले तसेच होते, आणि हे दुःख त्याला जेवू-झोपू देत नव्हतं.

नवमी आता परवावर आली होती.

“महाराज, मी एक आणलाय.”

त्यानं मांडीवरची मखमलीची गुंडाळी उलगडली. आत चांदीच्या मुठीचा चाकू होता. कोल्हापुरात विश्रामच्या घराण्याचा जुन्या हत्यारांचा व्यापार. पात्याला नखानं टिचकी मारून नुसत्या आवाजावरून पोलाद ओळखणारा म्हणून त्याची ख्याती होती. घर सोडलं, व्यापार सोडला, पण ही ख्याती काही त्याच्याच्यानं सुटली नव्हती.

धुंडीनाथांनी चाकू हातात घेतला. उन्हात फिरवून पाहिला.

“देखणा आहे.”

“मग?”

त्यांनी तो परत दिला. आपला चाकू मिटला आणि विश्रामपुढे ठेवला.

“याचे गुण सांग. सांगितलेस की चिरू.”

“याचे... गुण?”

“बघ.”

एवढं बोलून महाराज गोठ्याकडे गेले.

विश्रामनं बघितलं. जत्रेत पथारीवर ढिगानं मांडतात, त्यातला चाकू. खिळा सैल. मुठीच्या लाकडाला चीर गेलेली, तिच्यावर दोरा गुंडाळलेला. पातं उघडताना करकरे आणि मिटताना बोट धरी. टिचकी मारली तर डबा वाजल्यासारखा आवाज आला. त्याच्या पेढीवर असला चाकू कुणी आणला असता तर त्यानं त्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नसतं.

संध्याकाळी धुंडीनाथ परत आले.

“काय दिसलं?”

“दोष विचारा, महाराज. रात्र पुरायची नाही.”

“दोष मला ठाऊक आहेत. आम्ही दोघं बरोबरच म्हातारे झालो.”

“मग गुण आणू कुठून?”

“आणू नको. बघ.”

दुसरा दिवस अष्टमीचा. विश्राम सकाळपासून ओट्यावर, दोन्ही चाकू मांडीवर. दर घटकेला उन्हाकडे बघे आणि दर घटकेला कानाला हात लावून बघे. एक गुराखी आला, टाचेतला काटा काढायला चाकू मागून घेऊन गेला, आणून दिला. मठातल्या म्हातारीनं शिंक्याची दोरी कापायला नेला, आणून दिला. विश्राम चिडला. जरा कुठे मन लावून बघावं तर चाकूच जागेवर राहत नव्हता.

दुपारी टेकडीखालून धनगरांची ठकूबाई धावत आली.

“नाथबाबा, चाकू द्या वो. कोकराच्या गळ्यात दावं आवळलंय.”

नाथबाबा नव्हते. विश्राम होता. त्याचा हात आधी चांदीच्या मुठीवर गेला... आणि थांबला. उद्या दीक्षेला लागायचं पातं ते. त्याला लोकर लागणार, शेण लागणार, कोण जाणे रक्तही.

“आवो, द्या की. जीव चाललाय त्याचा.”

त्यानं मखमल झाकली आणि दुसरा चाकू पुढे केला. ठकूबाईनं तो झडप घालून नेला. विश्राम मागोमाग पळाला.

कोकराची जीभ बाहेर आली होती. बाईनं पात्याचं टोक दाव्याखाली सरकवलं आणि एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ओढलं. दावं तुटलं. कोकरू खोकलं, लटपटत उभं राहिलं आणि काही झालंच नाही असं आईकडे निघालं.

ठकूबाईनं पातं लुगड्याला पुसलं, गुडघ्यावर टेकवून एका हातानं मिटलं.

“असला चाकू आसावा बगा. हरवला तर जीव जळत न्हाई. आन् हरवतबी न्हाई मेला.”

विश्रामला लाज वाटली. अगदी कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली. मांडीवर पातं असताना आपण हात आखडता घेतला होता. कोकरू मेलं असतं तरी आपली मखमल कोरीच राहिली असती, हे त्याला टेकडी चढताना पावलोपावली आठवत होतं.

त्या संध्याकाळी तो धुंडीनाथांपुढे बसला तेव्हा त्याचा गुडघा पहिल्यांदाच जागेवर होता.

“महाराज, दिसलं.”

“बोल.”

“तो कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा आहे.”

“हं.”

“त्याला कुणी भीत नाही. लहान पोराच्या हातीसुद्धा देतात. धार गेली तर पायरीच्या दगडावर येते. पातं आपलं आपल्याच पोटात घेऊन बसतो, कुणाला टोचत नाही.”

“हं.”

“आणि... तो दिसतच नाही, महाराज. झालेलं काम दिसतं. मी जन्मभर हत्यारं पाहिली, पण असं हत्यार पाहिलं नव्हतं.”

धुंडीनाथांनी आपला चाकू उचलून घेतला.

“खरं आहे,” ते म्हणाले.

विश्राम पुढे सरकला.

“म्हणजे उद्या...?”

“उद्या.”

उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. तांबडं फुटायच्या आत विश्रामची अंघोळ झाली होती. कान तर त्यानं इतके घासले होते की तेच कुंडलांसारखे चमकत होते.

तो भैरवाच्या गाभाऱ्यात गेला. खंडेनवमीची पूजा म्हातारीनं आदल्या सांजेलाच मांडून ठेवली होती. कोयता, कुऱ्हाड, खुरपं, विळी, सगळी हत्यारं धुऊन ओळीनं ठेवलेली, प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. पूजेला मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत कुणी उचलत नाही. कोल्हापूरच्या पेढीवरही हीच रीत होती, तलवारीसुद्धा त्या दिवशी निजून असत.

विश्रामनं ओळ पाहिली. एकदा पाहिली, परत पाहिली.

घडीचा चाकू तिथं नव्हता.

तो स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, मिठाच्या बरणीशेजारी नेहमीसारखा पडला होता. खुरप्याची आठवण राहिली, मोडक्या विळीची राहिली, आणि याचीच कुणाला राहिली नाही. कालपर्यंत आपणही त्यातलेच होतो, या विचारानं त्याचे डोळे भरून आले.

त्यानं चाकू धुतला. सैल खिळ्यात तेल सोडलं. आपली मखमल उलगडून तिच्यावर त्याला निजवला, हळदकुंकू वाहिलं आणि सगळ्या हत्यारांच्या पुढे, थेट भैरवाच्या पायाशी ठेवला.

चांदीच्या मुठीचा चाकू हातात उरला. त्याचं आता काय करायचं? विश्राम विहिरीवर गेला आणि तो आत सोडून दिला. डुबुक आवाज झाला. त्याला फार हलकं वाटलं.

मग तो ओट्यावर येऊन बसला. ऊन पायरीवर आलं. एकदा उठून वाटेकडे बघून आला, परत बसला. गुडघा पुन्हा हलायला लागला होता, पण आजचं हलणं वेगळं आहे अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

अखेर धुंडीनाथ आले. एका हातात कुंडलांची जोडी, दुसऱ्या हातात काकडीच्या जातीचं भलं मोठं वाळूक.

“ठकूबाईनं दिलं. कोकराचं.” त्यांनी वाळूक ओट्यावर ठेवलं. “आधी खाऊन घे. रिकाम्या पोटी कुणाचे कान चिरत नाहीत इथं.”

ते आत गेले. त्यांनी कोनाड्यात हात घातलेला विश्रामला दिसला. हात चाचपत राहिला आणि रिकामा बाहेर आला.

“चाकू?”

“भैरवापुढे, महाराज.” विश्रामनं गाभाऱ्याकडे बोट केलं. “सगळ्यांची पूजा मांडली होती. त्याचीच राहिली होती. मी मांडली.”

धुंडीनाथ दारातच उभे राहिले.

“पूजेला मांडलास...”

“सगळ्यांच्या पुढे. माझ्या मखमलीवर.”

“अन् तुझा?”

“विहिरीत सोडला. मोह होता तो.”

धुंडीनाथांनी वळून गाभाऱ्याकडे बघितलं. गाभाऱ्यात झेंडूच्या फुलांची ओळ दिसत होती. कोयता, कुऱ्हाड, खुरपं, विळी... आणि पुढे मखमल.

विश्राम हसत त्यांच्याकडे बघत होता. मग त्यानं कुंडलांकडे बघितलं. मग गाभाऱ्याकडे. हसू होतं तिथंच राहिलं आणि हात सावकाश कानाकडे गेला.

दसरा उजाडेपर्यंत कुणी उचलत नाही. आणि दसरा उजाडला की नवमी संपली.

“महाराज...”

धुंडीनाथांनी कुंडलं झोळीत टाकली. ओट्यावर त्याच्या शेजारी येऊन बसले. वाळूक उचललं, नाकाशी नेलं, फिरवून फिरवून बघितलं.

“पिकलंय छान,” ते म्हणाले. “आता हे कशानं चिरू, सांग.”